एकाच चाकाचा चिखल

हे लिहिताना मला माझीच लाज वाटतेय, हे आधी सांगून टाकते. या सदरात लोक जे काय लिहितात – पिंपळाखाली उभी असलेली बाई, मागून आलेली हाक, उलटे पाय – ते मी आजवर फक्त चिडून वाचलंय. फॅमिली ग्रुपवर कुणी असलं काही टाकलं की मी खाली एकच शब्द लिहायचे, "पुरावा?" मग दोन दिवस माझ्याशी कुणी बोलायचं नाही. आमचं घरच तसं आहे. हॉलमध्ये शिरलं की समोर बुद्धांचा फोटो आणि शेजारी फ्रेम केलेल्या बावीस प्रतिज्ञा. मी दोन वर्षांची असताना मला ताप आला म्हणून आजीने, म्हणजे आईच्या आईने, कुठूनतरी अंगारा आणलेला. पप्पांनी पुडी तिच्या हातातून घेतली आणि तिच्यासमोर खिडकीबाहेर फेकली. हा किस्सा आमच्याकडे कौतुकाने सांगतात.

मी सुजाता. वय त्रेचाळीस. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. घटस्फोट झाल्यापासून आईपप्पांकडे राहते, डोंबिवली पूर्वेला. दिवसभर लोकांनी पाठवलेली सॅम्पल तपासायची आणि ती कशी घाण आहेत ते लिहून द्यायचं, हे माझं काम. त्यामुळे कुठल्याही वासाने मी सहसा मागे हटत नाही. हेही लक्षात असू द्या.

पप्पा रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाले. आता एकाहत्तर पूर्ण. आम्ही पूर्वी आंबिवलीला राहायचो, तिथल्या विहाराला लागून एक खोली आहे, त्यात पप्पांनी अभ्यासिका सुरू केली. दहावी-बारावीची मुलं, सकाळी साडेआठ ते अकरा. गणित पप्पा स्वतः शिकवायचे. आठ वर्षांत त्यांनी फार तर दहा दिवस खाडा केला असेल. पण गुडघे गेले, स्टेशनचे जिने चढवेनात. म्हणून मी गाडी घ्यायचं ठरवलं. सेकंडहँड, पण ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचची भानगड नको.

गाडी घोडबंदर रोडवरच्या एका जुन्या गाड्या विकणाऱ्याकडून घेतली. डिलिव्हरीच्या दिवशी त्याचा माणूस चार लिंबं आणि नारळ घेऊन आला, चाकांखाली ठेवायला. पप्पांनी लिंबं उचलली, त्याच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "उन्हाचं आलायस, सरबत करून पी." तो माणूस असा बघत राहिला की जणू आम्ही त्याच्या आईला शिवी दिली. आम्ही घरी येईपर्यंत हसत होतो.

दोनेक महिने गाडी लोण्यासारखी चालली. मग एका संध्याकाळी पप्पा जेवताना म्हणाले, "सुजा, तो पिवळा दिवा लुकलुकतो मधेच. गाडीच्या चित्राखाली दोन नागमोडी रेघा आहेत तो."

मी मॅन्युअल काढलं. ट्रॅक्शन कंट्रोल. ओल्या, निसरड्या रस्त्यावर चाक जागच्या जागी फिरायला लागलं की गाडी आपणहून इंजिनचा जोर कमी करते, त्या चाकाला ब्रेक लावते आणि तेवढा वेळ दिवा लुकलुकतो. एप्रिलची सुरुवात होती. कल्याण-डोंबिवलीत रस्त्यावर पाण्याचा टिपूस नव्हता, नळालाच नव्हता तर रस्त्यावर कुठून येणार.

आधी गाडी मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली आणि तिथेच माझं डोकं फिरलं. टाय लावलेला एक मुलगा टॅबवर बोटं फिरवत "येस मॅम, येस मॅम" करत होता, माझं अर्धंही ऐकत नव्हता. अलाइनमेंट केली, ब्रेकचा स्विच बदलला, सॉफ्टवेअर अपडेट केलं म्हणाले. गाडी परत आली ती स्वस्त अत्तराच्या वासात बुडालेली, आणि पायपुसणं उचललं तर खाली गुटख्याची रिकामी पुडी. दुसऱ्या दिवशी दिवा परत लुकलुकला. मी फोन केला तर म्हणे, "सर गाडी कशी चालवतात त्याच्यावर पण असतं, मॅम. एज झालं की लोक दोन्ही पाय वापरतात, ब्रेकवर एक, अ‍ॅक्सिलरेटरवर एक." मी त्याला झापलं. पण वाक्य डोक्यात राहिलं, हे खरं आहे.

मग ऑफिसातल्या एकाने ठाकुर्लीच्या भोईरांचं नाव सांगितलं. नव्वद फुटी रस्त्याच्या आत एक पत्र्याची शेड, गाड्यांची वायरिंग एवढंच काम करतात. पन्नाशीचा माणूस, फार बोलत नाही. त्यांनी स्कॅनर लावला आणि पाच मिनिटांत मला जे सांगितलं ते त्या टायवाल्याला आठवडाभरात सांगता आलं नव्हतं.

"ताई, हा दिवा सतत पेटून राहिला तर समजायचं सिस्टीम बिघडली. लुकलुकतोय म्हणजे सिस्टीम काम करतेय. गाडीला वाटतंय की चाक घसरतंय. कुठलं? तर हे, डाव्या बाजूचं पुढचं. आता खरंच घसरतंय की गाडीला नुसतं वाटतंय, ते बघू."

प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, चाक किती वेगात फिरतंय ते मोजणारा. त्याचा कनेक्टर भोईरांनी उघडला तर आतल्या पिना गंजून हिरव्या पडलेल्या. मग ते मागे गेले, मागच्या सीटचा डावीकडचा पट्टा धरला आणि शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा पट्टा काळा स्वच्छ, आणि आत गुंडाळलेला शेवटचा हातभर तुकडा चिखलाने तपकिरी, कडक झालेला. मग त्यांनी गालिचा उचकटला. खाली वाळलेल्या गाळाचा थर, आणि त्यात एक बेडूक, सुकून पापडासारखा झालेला.  आम्ही दोन महिने त्याच्यावर पाय ठेवून फिरत होतो. आई तिथे डबा ठेवायची.

"पुरातली गाडी आहे," भोईर म्हणाले. "छपरापर्यंत बुडलेली. वरून धुतली, पॉलिश मारलं, विकली तुम्हाला."

विकणाऱ्याला मी फोनवर काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. तो म्हणत राहिला, "मॅडम, सर्टिफाइड गाडी आहे." नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं. पण निदान कारण तर सापडलं, असं मला वाटलं. भोईरांनी नवा सेन्सर टाकला, तिथली वायर पूर्ण बदलली, कनेक्टर सील केला. मी स्वतः गाडी ठाण्यापर्यंत नेऊन आणली, मुद्दाम खड्ड्यांतून, मुद्दाम जोरात. दिवा एकदाही लागला नाही.

पप्पांना विचारलं, "आता ठीक आहे ना?"

"ठीक आहे," पप्पा म्हणाले. त्या दिवसानंतर त्यांनी दिव्याचं नाव काढलं नाही.

पंधरवड्याने सोसायटीच्या सेक्रेटरीने मला लिफ्टमध्ये गाठलं. म्हणे, पाण्याची टंचाई आहे आणि तुमचे वडील रोज दुपारी बादलीभर पाण्याने गाडी धुतात. मी म्हटलं, गाडी पुसायला माणूस लावलेला आहे, पप्पा कशाला धुतील. तर म्हणे, "गाडी नाही हो. एकच चाक धुतात."

शनिवारी मी बाल्कनीत उभी राहून बघितलं. पप्पा बाराच्या सुमारास आले, गाडी लावली, जिन्याखालून बादली काढली, वाकत नाहीत त्या गुडघ्यांवर वाकून बसले आणि डाव्या बाजूचं पुढचं चाक धुवायला लागले. ब्रशने. मी खाली गेले तोवर धुऊन झालं होतं. गटाराच्या जाळीवर काळा बुळबुळीत गाळ अडकलेला होता आणि वास… कंपनीच्या नाल्याचा वास मला माहीत आहे, तो केमिकलचा असतो. हा कुजल्याचा वास होता. तळ्याच्या तळाशी काहीतरी महिनोन्‌महिने सडत पडावं तसा.

"कुठून गेलात?"

"रस्त्यात गटार फुटलंय," पप्पा म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

गटार फुटलंय, तर दुसरी तीन चाकं कोरडी कशी, हे मी विचारायला हवं होतं. माझं कामच ते. पण माझ्या डोक्यात त्या टायवाल्याचं वाक्य बसलं होतं, आणि आता सेक्रेटरीचंही. मला वाटलं, पप्पांना सुरुवात झाली. माझ्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांना अशीच झालेली, ते दिवसातून वीस वेळा हात धुवायचे.

त्यात आंबिवलीहून आमच्या जुन्या शेजारीणबाईंचा, कांबळेकाकूंचा, फोन आला. "सुजाता, रागावू नकोस, पण तुझे पप्पा बरे आहेत ना गं? शहाडकडून येताना ती बंद कंपनीची लांब भिंत लागते बघ. तिथे रोज गाडी थांबवतात. मागचं दार उघडतात आणि बाजूला उभे राहतात. गाडीत कुणी नसतं. मिनिटभर थांबतात आणि दार लावून निघतात. आमचे हे बघतात रोज बाइकवरून जाताना."

त्या संध्याकाळी मी जे केलं ते सगळं सांगते, कारण सांगायचं ते हेच आहे. मी पप्पांसमोर बसले आणि विचारलं, तुम्ही तिथे दार उघडून कुणाची वाट बघता? पप्पांचा चेहरा एकदम पडला. त्यांनी आईकडे बघितलं. आई भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. पप्पा म्हणाले, "सुजा, सांगतो. पण आधी तू शांतपणे…"

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, मला काही ऐकायचं नाही, उद्या डॉक्टरकडे जायचं. आणि खुंटीवरची चावी काढून माझ्या पर्समध्ये टाकली. ज्या माणसाने चाळीस वर्षं इंजिनं खोलून जोडली, त्याच्या डोळ्यांदेखत. पप्पा उठून आत गेले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडून घड्याळाचं चित्र काढून घेतलं. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पप्पांनी सगळं केलं, शाळेतल्या मुलासारखं, मान खाली घालून. डॉक्टर मला म्हणाले, "तुमच्यापेक्षा बरी आहे यांची मेमरी." तरी मी चावी परत दिली नाही. काळजी म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत होते. पप्पांनी मागितलीही नाही. चार दिवस रिक्षा आणि स्टेशन करून आंबिवलीला गेले, पाचव्या दिवशी गुडघा सुजला आणि घरी बसले.

दीड महिना गेला. विहाराच्या कमिटीचा फोन आला, की मास्तर येत नाहीत, मुलं पांगली, खोली मंडपवाल्याला सामान ठेवायला दिलीय, तेवढी पुस्तकं घेऊन जा. पप्पांनी फोनवर "बरं" म्हटलं आणि आम्हाला म्हणाले, मी येत नाही. रविवारी सकाळी मी आणि आई निघालो. आई माझ्या डाव्या बाजूला बसलेली. ऊन कडक, पाऊस तेव्हाही नुसता येतो-येतो करत होता. शहाडचा पूल उतरलो, आंबिवलीच्या रस्त्याला लागलो, ती भिंत आली. सव्वाआठची वेळ. रस्ता काँक्रीटचा, पांढरा, कोरडाठक्क.

भिंतीच्या मध्यावर आलो आणि दिवा लुकलुकायला लागला.

गाडी जड झाली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं घुमतंय, गाडी पुढे नाही. चिखलात फसल्यावर जसं होतं ना, डावीकडे पुढे खालून काहीतरी भिरभिरतंय आणि गाडी जागीच डुलतेय, अगदी तसं. मागे एक टँकर येऊन हॉर्न वाजवायला लागला. मी गिअर पार्कमध्ये टाकला, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले. टँकरवाला शिव्या देत बाजूने निघून गेला.

आता नीट वाचा. गाडी पार्कमध्ये होती. पार्कमध्ये पुढची चाकं फिरूच शकत नाहीत, आत खिट्टी पडते. मी पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि माझ्या डोळ्यांनी बघितलं, डावं चाक फिरत होतं. जोरात. कोऱ्या कोरड्या काँक्रीटवर, टायर घासल्याचा आवाज नाही, रबर जळल्याचा वास नाही. आणि वास आला तो तोच, त्या गटाराच्या जाळीवरचा. मी खाली वाकले, चाकाखाली नक्की काय आहे ते बघायला, आणि सपकन चिखल उडाला. डोळ्यांवर, केसांत, तोंडात. थंडगार. मेच्या शेवटासारखं ऊन तापलेलं आणि तो चिखल विहिरीच्या तळातून काढल्यासारखा गार. ओठांवर तो बुळबुळीतपणा, दातांत रेती, आणि जिभेवर जी चव आली… आजही भात कालवताना मधेच आठवते आणि ताट सारून उठावं लागतं. मी त्या भिंतीला टेकून ओकले. पोटात होतं नव्हतं ते सगळं.

तोंड पुसून वळले तर चाक फिरतंच होतं. खिडकीतून आई माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती. कंटाळलेली दिसत होती.

"मागचं दार उघड," आई म्हणाली.

"काय?"

"या बाजूचं मागचं दार उघड आणि जरा बाजूला हो. तुझे पप्पा तेच करतात."

मी उघडलं. का उघडलं, मला सांगता येणार नाही, माझं डोकं बंद पडलं होतं. आत रिकामी सीट, त्यावर पुस्तकांसाठी आणलेल्या दोन गोण्या. मी बाजूला झाले. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही. मग गाडी डाव्या बाजूने जराशी वर आली. भरलेल्या रिक्षातून एखादा जाडा माणूस उतरला की रिक्षा कशी उचलते, तेवढीच. चाक थांबलं. इंजिनचा आवाज नेहमीसारखा झाला. मी दार लावलं, येऊन बसले, दिवा विझलेला होता.

"तुला माहीत होतं?"

"मी एकदा आलेले त्यांच्याबरोबर. तेव्हा बघितलं," आई म्हणाली. "पहिल्या वेळी अर्धा तास अडकलेले. मग त्यांना वाटलं मागचं दार नीट लागलं नसेल, म्हणून उघडून बघितलं, आणि गाडी सुटली. तेव्हापासून रोज तसंच करतात. फक्त जाताना होतं. येताना कधीच नाही."

"मग मला सांगायचं नाही? मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, आई. चावी काढून घेतली. तू तिथे बसलेलीस."

आईने माझ्या कपड्यांवरचा चिखल बघितला. मग म्हणाली, "आपल्या घरात असलं बोलायची सोय आहे का? माझ्या आईचा अंगारा ह्यांनी खिडकीबाहेर टाकला तेव्हापासून मी काही बोलत नाही. तुम्ही बापलेक हसता सगळ्यांना. मला वाटलं, ह्यांचं हे सांगतील. ते सांगायला लागले तर तू ऐकलं नाहीस."

आम्ही आंबिवलीला गेलो. त्या खोलीत कनाती आणि बांबू भरलेले होते, फळ्यावर पप्पांच्या अक्षरात एक समीकरण अर्धवट राहिलेलं. मी चिखलाने भरलेल्या कपड्यांत पुस्तकं गोण्यांत भरली. लोक माझ्याकडे बघत होते.

येताना आईला घरी सोडून गाडी थेट भोईरांकडे नेली. रविवार असून त्यांनी शेड उघडली. गाडी उचलली. चाकाच्या आतल्या बाजूने चिखल अजून ठिबकत होता, ओला, काळा. आणि त्याच चाकाच्या वरचं प्लास्टिक, मडगार्डची आतली बाजू, ब्रेकचा पाइप, सगळ्यावर कोरडी धूळ. बोटाने नाव लिहिता येईल अशी. मी सकाळी चिखल तोंडावर घेतलेला आणि गाडीच्या अंगावर एक शिंतोडा नव्हता.

भोईरांनी सेन्सर काढून बघितला, वायर मीटरवर तपासली, स्कॅनर लावला. "मशीनमध्ये फॉल्ट काय नाय, ताई. सेन्सर एकदम ओके. चाक घसरलं एवढंच म्हणतेय, आणि घसरलंच असणार." मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि हात धूत होते, एकदा रॉकेलने, एकदा साबणाने, मग परत साबणाने. शेवटी म्हणाले, "मी वायर बघतो. बाकीचं मी नाय बघत." आणि मजुरी घेतली नाही, फक्त गाडी लवकर न्या म्हणाले.

चिखलाचं सॅम्पल मी बाटलीत भरून लॅबमध्ये नेलेलं, ते तरी सांगते. कुजलेली सेंद्रिय घाण, सल्फाइड, बारीक रेती, जलपर्णीच्या मुळांचे तंतू. नदीच्या तळाचा गाळ. उल्हास नदी तिथून लांब नाही आणि पुरात तो रस्ता पाण्याखाली जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तेव्हा पूर नव्हता, आणि गाळ चालत येत नाही. गाडीच्या पहिल्या मालकाचाही शोध घेतला. कागदांवरचा नंबर बंद, पत्त्यावर दुसरेच लोक राहतात, त्यांना काही माहीत नाही. ती गाडी कुठे बुडाली, तेव्हा आत कुणी होतं का, मागे डावीकडे कोण बसलेलं… मला कळलेलं नाही.

त्या रविवारी संध्याकाळी घरी आले तेव्हा पप्पा बाल्कनीत मिक्सर खोलून बसले होते. मी आंघोळ केली, दोनदा, आणि त्यांच्यासमोर चावी ठेवली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "झालं का तुलाही?"

"हो."

"पार्कमध्ये टाकून बघितलंस?"

"हो. तरी फिरत होतं."

"हं," पप्पा म्हणाले. "मीही बघितलं. डिफरन्शियलचं, दोन चाकांमधल्या गिअरचं असेल असं आधी वाटलं. नाही बसत ते." ते परत मिक्सरकडे वळले. त्या आवाजात मला जे ऐकू आलं ते मी कसं सांगू, एक फिटर दुसऱ्या कुणाशी तरी शेवटी कामाचं बोलत होता, इतकंच.

मी म्हटलं, "पप्पा, तुम्ही मला आधीच सांगायला हवं होतं. मी ऐकलं नाही ते चुकलं, पण नंतर तरी सांगायचं. डॉक्टरकडे सांगायचं. मला वाटलं तुमचं डोकं…"

"माहितीय काय वाटलं ते."

"मग?"

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "तुला लहानपणापासून काय शिकवलं मी? आणि म्हातारपणी तुझ्यासमोर बसून सांगू, की रस्त्यात कुणीतरी दिसत नाही असं माणूस माझ्या गाडीतून उतरतं? तू मला अंधश्रद्धाळू म्हणाली असतीस. त्यापेक्षा वेडा परवडला."

मला रडायलाही आलं नाही, इतकी स्वतःची घाण वाटली. तोंडात गेलेल्या चिखलापेक्षा जास्त. माझ्या बापाचा मेंदू सडला, हे मला एका फोनवर पटलं होतं, त्यासाठी मी कुणाकडे पुरावा मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पप्पा चावी घेऊन निघाले. दोनेक तासांत परत आले. खोलीला मंडपवाल्याचं कुलूप होतं. कमिटीकडे मी दोनदा जाऊन भांडले, ते म्हणतात सणासुदीचं बघू. मुलं आता कल्याणला क्लासला जातात. मी पप्पांना म्हटलं, आपण इथे डोंबिवलीत सुरू करू, हॉलमध्ये. ते म्हणाले, "आता जमायचं नाही." चावी खुंटीवर आहे, तिला हात लावत नाहीत.

गाडी विकलेली नाही. कुणाला विकणार, आणि काय सांगून? कधी आंबिवलीला जावं लागलं तर मीच चालवते, भिंतीपाशी थांबते, दार उघडते, बाजूला उभी राहते. लोक बघतात, बघू देत. घरी येऊन चाक मी धुते.

पप्पा दिवसभर टीव्हीसमोर बसलेले असतात. गेल्या आठवड्यात त्यांनी मला एका सकाळी तीनदा विचारलं, आज वार कुठला. तिन्ही वेळा मी सांगितलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी "अच्छा" म्हटलं, जणू पहिल्यांदाच ऐकलं. परवा मिक्सरचं झाकण हातात घेऊन हे कशाचं आहे म्हणून बघत होते. मी त्यांना डॉक्टरकडे नेलेलं नाही अजून. त्या टेबलावर परत घड्याळ काढायला बसवायची माझी हिंमत होत नाही. तो दिवा का लुकलुकतो, ते मला आजही माहीत नाही. पप्पांचं हे कशाने झालं ते मला माहीत आहे.